पुनर्जन्म मानत नाही, मग मी बौद्ध नाही का?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

ताई ३७ वर्षांच्या. नोकरी करतात. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, दोन्ही घरं बौद्ध. मुलगा आठ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. आधार घेऊन चालतो, शाळेत जातो, गणितात हुशार आहे. गेल्या वर्षी ताईंची आई वारली. जलदान विधी, म्हणजे मृताच्या नावे पाणी ओतून करायचा बौद्ध विधी, झाला, पण ताईंची झोप गेली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्या दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जाऊन आल्या. बरं वाटलं, म्हणून रविवारी सामूहिक साधनेला जाऊ लागल्या. तिथल्या एक ज्येष्ठ साधिका एकदा म्हणाल्या, "पुनर्जन्म मानत नसाल तर सम्यक दृष्टीच नाही. मग ही साधना नुसता व्यायाम." (सम्यक दृष्टी म्हणजे योग्य समज, बुद्धांच्या अष्टांगिक मार्गाचं पहिलं अंग.) मुलाबद्दल म्हणाल्या, "तो मागच्या जन्मीचं घेऊन आलाय, भोगून संपवू दे त्याला." ताईंनी घरी हे सांगितलं. सासरे गिरणीत होते, आता निवृत्त आहेत, चळवळीत वाढलेले. ते भडकले. "पुनर्जन्म ही ब्राह्मणी भानगड आहे, बाबासाहेबांनी ती फेकून दिली. तू तिथे बसणं बंद कर." पुढच्या महिन्यात आईचा पहिला स्मृतिदिन आहे. तोही करू नये, ते नाव बदललेलं श्राद्धच आहे, असं सासऱ्यांचं म्हणणं.

ताई विचारतात: "पुनर्जन्म मानला नाही तर मी बौद्ध राहते का? आणि मानला तर बाबासाहेबांशी बेइमानी होते का? मुलगा विचारतो आजी कुठे गेली, त्याला काय सांगू? स्मृतिदिन करू की नको? खरं सांगायचं तर आई कुठेतरी आहे असं मला मानावंसं वाटतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटते."

* * *

ताई, सप्रेम जयभीम.

तुम्ही शेवटी चार-पाच प्रश्न विचारलेत. पण पत्रातलं सगळ्यात जड वाक्य त्या प्रश्नांत नाही. ते मध्येच एका ओळीत उरकून तुम्ही पुढे गेलात: "भोगून संपवू दे त्याला." तुमचा पुनर्जन्माचा प्रश्न त्या वाक्यापासून सुरू झाला, असं मला वाटतं. तोवर तुम्ही त्रिशरण-पंचशील म्हणत होता, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला जायचं तिथे जात होता, आणि मरणानंतर काय होतं याचा हिशेब कुणी मागत नव्हतं. म्हणून आधी मुलाचं बोलू, मग तत्त्वज्ञानाचं.

त्या साधिकाबाई बुद्धाचं नाव घेऊन बोलल्या, तेव्हा बुद्धाचंच बघू. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या जुन्या संग्रहात सीवक नावाच्या परिव्राजकाची, म्हणजे भटक्या साधूची, गोष्ट आहे. तो बुद्धांना विचारतो, माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळे होतं असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? बुद्ध उत्तरात वेदनेची आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, शरीराची नीट काळजी न घेतली जाणं, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं, कर्माचा विपाक, म्हणजे फळ. आणि बजावतात की सगळं पूर्वकर्मानेच होतं असं म्हणणारे स्वतःला जे कळतं त्याच्याही पुढे धावतात आणि जग जे खरं म्हणून जाणतं त्याच्याही पुढे धावतात. त्यांचं म्हणणं चूक आहे.

त्या बाई म्हणतील, आठवं कारण कर्म आहेच की. आहे. पण ते तुमच्या मुलाला लागू होतं हे ठरवलं कुणी? अंगुत्तर निकाय या तशाच दुसऱ्या संग्रहात चार गोष्टी अचिंत्य, म्हणजे विचाराने न उकलणाऱ्या, म्हणून सांगितल्या आहेत. त्यांचा माग काढत बसणाऱ्याच्या पदरी वेड आणि वैताग पडतो, असं तिथे म्हटलंय. त्या चारांतली एक म्हणजे कर्माचा विपाक. म्हणजे पुनर्जन्म अक्षरशः मानणाऱ्या परंपरेतसुद्धा रविवारच्या बैठकीतल्या साधिकेला दुसऱ्याच्या मुलाच्या पायांकडे बघून निदान करायचा अधिकार नाही. इतकं ठाम मी या उत्तरात पुन्हा बोलेन की नाही माहीत नाही, पण या मुद्द्यावर मला जराही शंका नाही.

सेरेब्रल पाल्सी वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे होते. कधी गर्भात, कधी जन्माच्या वेळी, कधी नंतर लवकरच. मूल फार आधी जन्माला येणं, ऑक्सिजन कमी पडणं, जंतुसंसर्ग, हाताबाहेर गेलेली कावीळ अशी कारणं असतात, आणि पुष्कळदा नेमकं एकच कारण हाती लागत नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, तरी हे ऐकताना "मग गरोदरपणात माझंच काही चुकलं का" हा विचार येतो हे मला माहीत आहे. अशा मुलांच्या आया मला हेच लिहितात. मागच्या जन्माचा दोष मुलावर टाकणं आणि या जन्माचा दोष आईवर टाकणं, ही सवय एकच आहे. दुःख दिसलं की कुणाला तरी गुन्हेगार ठरवल्याशिवाय माणसांना चैन पडत नाही.

आता तुमच्या सासऱ्यांच्या रागाकडे या. तो राग मला पटतो, त्यांनी काढलेला निष्कर्ष अर्धाच पटतो.

राग पटतो, कारण पूर्वकर्माचा सिद्धांत त्यांच्या आजी-आजोबांना कुणी ग्रंथातून वाचून दाखवला नव्हता. तो त्यांना पाणवठ्यावर कळला होता. तू या जातीत जन्मलास ते मागच्या जन्मीच्या पापामुळे, मुकाट सोस, पुढचा जन्म बरा मिळेल. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नेमक्या याच जागी बोट ठेवलंय. गरीब आणि हीन गणलेल्या माणसांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला किंवा समाजाला झटकता यावी, याखेरीज पूर्वकर्माच्या सिद्धांताचा दुसरा कोणता हेतू असणार, असं ते विचारतात. आठ वर्षांच्या मुलाबद्दल "भोगून संपवू दे" असं कुणी म्हणतं तेव्हा पाणवठ्यावरचंच वाक्य पुन्हा बोललं जातं, फरक इतकाच की या वेळी समोर पांढरी उशी आणि डोळे मिटून बसलेली माणसं असतात. सासऱ्यांनी ते लगेच ओळखलं.

पण "बाबासाहेबांनी पुनर्जन्म फेकून दिला" हे पुरतं खरं नाही. त्यांनी तो सोलून बघितला. ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ते अडचण मांडतात: बुद्धांनी आत्मा नाकारला, आणि कर्म-पुनर्जन्म मात्र सांगितला म्हणतात, मग आत्माच नसेल तर पुढे जातं कोण? हा त्यांना भयंकर अंतर्विरोध वाटला. ग्रंथाच्या चौथ्या खंडात ते दोन प्रश्न वेगळे करतात. पुनर्जन्म कशाचा? आणि पुनर्जन्म कोणाचा? पहिल्याला त्यांचं उत्तर असं की पृथ्वी, आप, तेज, वायू ही शरीरातली तत्त्वं मरणानंतर नाहीशी होत नाहीत, विश्वातल्या आपापल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात. त्या अर्थाने पुनर्जन्म आहे. दुसऱ्याला, म्हणजे मेलेला तोच माणूस पुन्हा जन्मतो का याला, ते म्हणतात की हे अत्यंत असंभाव्य आहे. त्याचीच सगळी तत्त्वं पुन्हा जशीच्या तशी जुळली तरच शक्य, एरवी जन्मतो तो दुसराच कुणी.

हे एका कायदेपंडिताचं उत्तर आहे. जेवढं सिद्ध होतं तेवढंच मान्य करणारं, आणि कल्पनेला गुन्हा न ठरवणारं. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञाही पुन्हा वाचून बघा. श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, असं सहाव्या प्रतिज्ञेत स्पष्ट आहे. मरणानंतर जन्म आहे असं माना, असं कुठेही नाही. मानू नका, असंही नाही. एकविसाव्या प्रतिज्ञेत पुनर्जन्माचा उल्लेख येतो, पण तो दीक्षा घेताना जिवंतपणी होणाऱ्या पुनर्जन्माचा. तेव्हा आई कुठेतरी असावी असं मनात आल्याने तुम्ही कुणाशी बेइमान होत नाही. लाज सोडा.

इथवर वाचून सासरेबुवा खूश झाले असतील तर त्यांना थोडं थांबवते, कारण त्या साधिकाबाईंचं पहिलं वाक्य हवेतलं नव्हतं.

त्रिपिटकात, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली संग्रहात, पुनर्जन्म आहे, आणि भरपूर आहे. बोधिवृक्षाखालच्या रात्रीचं जे वर्णन सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, येतं त्यात पहिल्या प्रहरात मागचे जन्म आठवणं, दुसऱ्या प्रहरात प्राणी कर्मानुसार मरताना-जन्मताना दिसणं, आणि तिसऱ्या प्रहरात आस्रवांचा, म्हणजे मनातल्या खोल मळांचा, क्षय असा क्रम आहे. स्रोतापन्न, म्हणजे मुक्तीच्या मार्गावरची पहिली पायरी गाठलेल्या, माणसाला जास्तीत जास्त सात जन्म उरतात, असं सांगितलंय. जातककथा साडेपाचशेच्या घरात आहेत आणि सगळ्या मागच्या जन्मांच्याच. मज्झिम निकायातल्या महाचत्तारीसक सुत्तात सम्यक दृष्टीचं जे पहिलं, खालच्या पायरीचं वर्णन आहे त्यात परलोक आहे असं मानणं येतं. श्रीलंका, म्यानमार, थायलंडमधल्या बहुसंख्य उपासकांच्या आणि भिक्खूंच्या लेखी यात वादच नाही. तिबेटी परंपरेत तर लामांचे पुढचे जन्म शोधून गादीवर बसवतात. "बुद्ध असं काही बोललेच नाहीत" असं कुणी तुम्हाला सांगितलं तर त्याने पिटक उघडलेलं नाही.

बाबासाहेबांनी ते उघडलं होतं. म्हणूनच त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: हे सगळं बुद्धांचंच कशावरून? बुद्धवचनं शतकानुशतकं भाणकांच्या, म्हणजे ती तोंडपाठ म्हणणाऱ्या भिक्खूंच्या, पाठांतरातून आली. ऐकणाऱ्यांनी चुकीचं सांगितल्याची उदाहरणं खुद्द सुत्तांतच आहेत, त्यांतली पाच बाबासाहेब नावानिशी देतात. आणि अशा चुका कर्म-पुनर्जन्माच्या बाबतीत जास्त, असं ते म्हणतात, कारण या कल्पना ब्राह्मणी धर्मातही होत्या आणि आत शिरायला सोप्या होत्या. हे त्यांचं अनुमान आहे. थेरवादी, म्हणजे पाली पिटक प्रमाण मानणाऱ्या परंपरेतल्या, भिक्खूंना ते मान्य नाही. दोघांपैकी कुणीही अडाणी नाही, आणि हा वाद तुमच्या स्वयंपाकघरात मिटणार नाही हे धरून चाला.

या पाच उदाहरणांतलं एक इथे सांगण्यासारखं आहे. साती नावाचा एक भिक्खू होता, कोळ्याचा मुलगा. तो म्हणू लागला की हेच विज्ञान, हीच जाणीव, जशीच्या तशी एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाते. बुद्धांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. मी असं कुणाला शिकवलं, असं विचारलं. जाणीव कारणांनी उत्पन्न होते, कारणं गेली की जाते. म्हणजे पुनर्जन्म मानणाऱ्या बौद्धांनासुद्धा "आई तीच आहे, फक्त घर बदललंय" असं म्हणता येत नाही. नागसेन भिक्खू मिलिंद राजाला दिव्याचं उदाहरण देतो: रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नाही, वेगळीही नाही. आपल्या घरांत, मालिकांत, सिनेमांत जो पुनर्जन्म चालतो, तोच चेहरा, तीच खूण, तेच अपुरं प्रेम, तो ना त्या साधिकेच्या परंपरेत बसतो ना सासऱ्यांच्या. दोघं ज्यावर भांडतायत ती वस्तूच दोघांच्या मनात वेगवेगळी आहे, हे एकदा त्यांना दाखवायला हवं.

तिसरी वाटही आहे. थायलंडमध्ये बुद्धदास भिक्खू (१९०६–१९९३) होऊन गेले. प्रतीत्यसमुत्पादातला, म्हणजे दुःख कशातून कसं उपजतं त्या कारणसाखळीतला, "जन्म" त्यांनी आईच्या पोटातून होणारा जन्म म्हणून न घेता मनात "मी" आणि "माझं" जन्मण्याचा क्षण म्हणून घेतला. असा जन्म दिवसातून कितीदाही होतो. परंपरावाद्यांनी त्यांच्यावर टीका केली, तरी त्यांचा मान कमी झाला नाही. तुमच्यापुरतं पाहिलं तर त्या रविवारी त्या एका वाक्याने "अपराधी आई" जन्माला आली, आणि घरी येऊन "बेइमान सून" जन्माला आली. या दोन्ही जन्मांतून सुटण्यासाठी परलोकाचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही.

तर, मानलं नाही तर बौद्ध राहते का? राहता. त्रिशरणात बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जातो. पंचशीलात "सिक्खापदं समादियामि" म्हणतो, म्हणजे मी हा नियम पाळायला घेते. दोन्हींत मरणोत्तर जगाबद्दल एकही कबुली मागितलेली नाही. आणि बुद्धांनी स्वतः या अडचणीत सापडलेल्या माणसांना काय सांगितलं ते कालाम सुत्तात आहे. या सुत्ताचा पहिला भाग आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. भाषणात तेवढंच येतं आणि टाळ्या पडतात. शेवट फारसं कुणी वाचत नाही. शेवटी बुद्ध केसपुत्तच्या कालामांना चार आश्वासनं देतात. ज्याच्या मनात वैर नाही त्याला पहिलं आश्वासन असं की परलोक असेल आणि कर्माचं फळ असेल तर मरणानंतर माझं चांगलंच होईल. दुसरं, परलोक नसेल, फळही नसेल, तरी इथे, याच जन्मात, मी वैराशिवाय सुखाने जगतो आहे. तिसरं आणि चौथं असंच, वाईटाचं फळ मिळत असेल तरी आणि मिळत नसेल तरी मी सुरक्षित.

"नसेल तरी" हे शब्द बुद्धांच्या तोंडचे आहेत, ताई. समोर बसलेल्यांना शंका होती. ती आधी मिटवा मग या, असं त्यांना सांगितलं गेलं नाही. (बाणाने घायाळ झालेल्या माणसाची गोष्टही तुम्हाला कुणीतरी ऐकवेल, की असे प्रश्न बुद्धांनी टाळले. ती जपून वापरा. ती गोष्ट बुद्धांनी मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूला सांगितली, आणि त्याच्या त्या दहा प्रश्नांत जग शाश्वत आहे का, तथागत, म्हणजे बुद्ध, मरणानंतर असतो का हे येतं. सामान्य माणसाचा पुनर्जन्म त्या यादीत नाही. जाणकार साधक तुम्हाला तिथे पकडेल.)

मला विचाराल तर मी मानत नाही. पण मानणाऱ्या माणसांत मी अतिशय करुणावान माणसं पाहिली आहेत, आणि न मानणाऱ्यांत अतिशय कोरडी. म्हणून एखादा माणूस काय मानतो यापेक्षा त्या मानण्याचं तो काय करतो, हे मी आधी बघते. स्वतःचं वागणं सुधारायला कुणी पुढचा जन्म धरत असेल तर खुशाल धरो. दुसऱ्याचं दुःख समजावून टाकायला कुणी मागचा जन्म वापरत असेल तर त्याला अडवायचं, मग तो कितीही ज्येष्ठ साधक असो.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते.

साधना थांबवू नका. तिने तुमची झोप परत आणली आहे. श्वासावर लक्ष ठेवायला, अंगावरच्या संवेदना बघायला कुठलाही सिद्धांत मानावा लागत नाही. अशा शिबिरांना सगळ्या धर्मांची माणसं येतात ती उगाच नाही. पण त्या बाईंशी एकदा बोला, शक्यतो एकटीने, बैठक संपल्यावर. भांडण नको, लांबण नको. "तुम्ही माझ्या मुलाबद्दल जे बोललात ते पुन्हा बोलू नका. सीवक सुत्त वाचा." एवढं पुरे. त्या ओशाळल्या तर विषय संपला. समजावू लागल्या तर दुसरा गट बघा किंवा रविवारी घरीच बसा. आणि या वर्तुळात कुणी पैसे घेऊन मागचा जन्म दाखवतो म्हणालं तर तिथून सरळ निघून या.

मुलाच्या उपचारात आणि हक्कांत कसूर नको. तुम्ही हे करत असालच, पण अशाच पत्रांतल्या काही घरांत "नशिबात आहे" म्हणत फिजिओथेरपी सुटलेली मी पाहिली आहे, म्हणून सगळ्यांसाठी लिहिते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, सेरेब्रल पाल्सी त्यांत येते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. शाळा-परीक्षांतल्या सवलतींसाठी ते लागतं. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे थेरपीपासून कॅलिपर-बुटांपर्यंतची कामं होतात. "पुढच्या जन्मी बरा होईल" असं कुणी प्रेमानेसुद्धा त्याच्यासमोर म्हणू नये. त्याला हाच जन्म कमी प्रतीचा वाटू लागेल.

आजी कुठे गेली याचं उत्तर त्याला सरळ द्या. आजी वारली, तिचं शरीर चालायचं थांबलं, आता ती परत येणार नाही. "झोपली" म्हणू नका, मुलं झोपायला घाबरतात. "देवाघरी गेली" हे तुमच्या घरात चालणारही नाही आणि खरंही वाटणार नाही. पुढे विचारलं, मग आता कुठे आहे, तर सांगा की काही लोक मानतात ती पुन्हा जन्मते, काही मानतात नाही, आजोबा असं म्हणतात, मला नक्की माहीत नाही. गणितात हुशार असलेल्या मुलाला "माहीत नाही" हे उत्तर मोठ्यांपेक्षा लवकर समजतं. मग आजीच्या गोष्टी सांगा, तिचा जुना फोटो बाहेर काढून दाखवा, तिने त्याला काय काय शिकवलं ते बोला. आणि तुम्हाला रडू आलं तर त्याच्यापासून लपवू नका.

सासऱ्यांशी वाद घालू नका, वाचन करा. घरात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असणारच. नसेल तर येत्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर मिळेल, किंवा त्याआधी कुठल्याही आंबेडकरी पुस्तकाच्या दुकानात. चौथा खंड त्यांना मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही ऐका. मध्ये थांबवून विचारा, "मामंजी, बाबासाहेब इथे 'अशक्य' म्हणत नाहीत, 'असंभाव्य' म्हणतात, असं का?" चळवळीत घडलेल्या त्या पिढीला प्रश्न विचारलेला आवडतो. आपण बंडखोर होतो हे त्यांना आठवतं. आणि त्यांना हेही सांगा की त्यांचा राग तुम्हाला नातवाच्या बाजूने उभं राहिल्यासारखा वाटला. हे अजून त्यांना कुणी सांगितलं नसणार.

राहिला स्मृतिदिन. सासऱ्यांची शंका गैर नाही. जलदानाच्या वेळी भांड्यात पाणी ओतताना जी गाथा म्हणतात, "यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं, एवमेव इतो दिन्नं पेतानं उपकप्पति", तिचा अर्थ भरलेल्या नद्या जसा सागर भरतात तसं इथून दिलेलं मृतांना पोचतं, असाच आहे. तिरोकुड्ड सुत्तातली ती ओळ आहे आणि ती रूपक म्हणून लिहिलेली नाही. पण पिंडाशी तिचा एक मोठा फरक आहे. पिंड मृतासाठी ठेवतात. इथे दान जिवंत माणसाला द्यायचं असतं, अन्न, वस्त्र, औषध, आणि त्याचं पुण्य मृताच्या नावे अनुमोदायचं असतं. पोचतं की नाही यावर सासरे आणि त्या साधिका कधीच एकमत होणार नाहीत. ज्याला दिलं त्याला पोचतं, एवढ्यावर दोघं सही करतील.

तेव्हा स्मृतिदिन करा. सासऱ्यांना यजमान करा, त्यांनाच आईबद्दल दोन शब्द बोलायला सांगा. बुद्धवंदना, त्रिशरण, पंचशील घ्या. "अनिच्चा वत संखारा" ही सगळं अनित्य आहे असं सांगणारी गाथा घ्या, तिच्यावर कुणाचाच आक्षेप नसतो. पाण्याची गाथा घ्यायची की नाही ते भन्तेंशी आणि सासऱ्यांशी आधी बोलून ठरवा, त्या दिवशी सगळ्यांसमोर नको. जेवणावळ लहान ठेवा. हॉल, मंडप, बॅनरचे पैसे वाचतील ते आईच्या नावाने द्या. तुम्ही ज्या थेरपी केंद्रात मुलाला घेऊन बसता तिथे बाकावर आणखी आया बसलेल्या असतात. एखाद्या मुलाचे बूट परवडत नाहीत म्हणून थांबलेले असतील, तर ते करून द्या आणि पावती आईच्या नावाने घ्या. बूट पसंत करायला मुलालाही सोबत न्या, कुठला टोचतो ते त्याला चांगलं कळतं.